समजलं ना, मॅडम?

त्या दिवशी ती सभागृहात विम्याबद्दल ऐकायला गेलीच नव्हती. ती खिडक्या मोजायला गेली होती.

व्यापारी संघाच्या सभागृहाला नवे पडदे हवे होते. "आत कार्यक्रम चालू आहे, मागच्या मागे माप घ्या आणि निघा," असं बजावून शिपायानं तिला आत सोडलं. खुर्च्यांवर बेकरीवाले, गॅरेजवाले, छापखानेवाले बसले होते. व्यासपीठावर बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक तरुण छोट्या व्यावसायिकांचा कर आणि विमा यावर बोलत होता. आवाज छान होता… ऊबदार. चपला काढून ती स्टुलावर चढली आणि टेपचं टोक दांडीला लावायला तिनं हात उंच केला.

"हो, मागच्या मॅडम. विचारा ना."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. 'मी पडदेवाली, खिडकी मोजतेय' एवढं म्हटलं असतं तरी सुटली असती. पण तो इतक्या आपुलकीनं वाट बघत होता, की तिच्या तोंडून भलतंच निघालं. "म्हणजे… विमा नेमका कुणी घ्यावा?"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तो अर्धा तास तेच सांगत होता. तिचे कान तापले. तो मात्र हसला नाही.

"बरं झालं विचारलंत. इतका वेळ बोलतोय, पण साध्या शब्दांत सांगायचं राहिलंच. नुकसान झाल्यावर ज्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येणार नाही, त्यानं घ्यावा."

कार्यक्रम संपल्यावर ती टेप गुंडाळत असताना तो जवळ आला.

"खिडकी किती भरली?"

"म्हणजे… तुम्हाला कळलं होतं?"

"टेप दिसली, पण नंतर. तोवर मी तुम्हाला अडकवून बसलो होतो. सॉरी."

"मीच अडकले."

"मग आता अडकलाच आहात तर सांगा, तुमच्या दुकानाचा विमा आहे?"

नव्हता. कराचं सगळं मावशी बघायची, आणि मावशीचं बघणं म्हणजे सगळ्या पावत्या एका पिशवीत कोंबणं. त्यानं कार्ड दिलं. तिनं ते टेपच्या डबीत ठेवलं आणि घरी जाईपर्यंत दोनदा डबी उघडून पाहिली.

दुकान तिचं आणि मावशीचं, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. मावशीनंच तिला लहानाची मोठी केली होती, आणि अजूनही ती तिला ठकू म्हणायची. कॉलेज अर्धवट सोडून ठकू मशीनवर बसली, याचं तिला एरवी काही वाटायचं नाही. पडद्याची चुणी तिच्याइतकी सरळ कुणाची पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण त्या सल्लागाराच्या केबिनमध्ये गेली की ते अर्धवट कॉलेज तिला बोचायचं.

केबिन कसली, प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेली खोलीच. बाहेर बाकावर ताटकळणारी माणसं, आत तो आणि फायली. तो कागदावर चौकोन काढून समजवायचा. हे घरचं खातं, हे धंद्याचं, दोन्हींची सरमिसळ करायची नाही. विवरणपत्र वेळेवर. मशिनींचा घसारा वजा होतो. ती त्याची बोटं बघायची. चष्मा वर सरकवायची त्याची सवय बघायची. आवाज पोचायचा, शब्द वाटेत कुठेतरी सांडायचे.

"समजलं ना, मॅडम?"

ती मान हलवायची.

एकदा तिनं धीर केला होता. 'आगाऊ कर म्हणजे काय' असं विचारणार, तेवढ्यात तोच हसून म्हणाला, "तुमचं बरं आहे. बाहेर गॅरेजवाले काका बसलेत ना, त्यांना हे तीनदा समजावलं. तुम्ही एकदा ऐकता आणि पकडता."

झालं. त्या कौतुकानं तिचं तोंडच शिवून टाकलं. आता विचारायचं कसं?

घरी आल्यावर ती मावशीला विचारायची. "मावशी, घसारा म्हणजे काय गं?"

"घसरणं असेल. धंदा घसरला की."

"तसं नसावं."

"मग त्यालाच विचार की. कानातले बदलून जातेस, प्रश्न तेवढे घरी आणतेस."

विम्याचे कागद भरले त्या दिवशी केबिनमध्ये उकडत होतं. त्यानं खिडकी उघडली, परत येताना तिच्या खुर्चीमागून आला, आणि त्याच्या सदऱ्याचा साबणाचा वास तिला आला… पुढची दोन मिनिटं तिचं लक्ष त्या वासातच होतं. तो विचारत होता, "ग्राहकांचं कापड तुमच्याकडे फार दिवस पडून राहत नाही ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग त्याचं वेगळं संरक्षण नको. उगाच हप्ता वाढेल. समजलं ना?"

तिनं मान हलवली. तिच्या त्या 'हो'चा अर्थ काय होता, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे शहरातल्या नाट्यगृहानं रंगमंचाच्या पडद्याचं काम तिला दिलं. इतकं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं. गर्द लाल मखमलीचे तागे नाट्यगृहानंच विकत घेऊन पाठवले, आणि ते भिंतीला लागून महिनाभर उभे होते. सुट्टीच्या दिवशी वरच्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यातला पाइप फुटला. सकाळी कुलूप काढलं तेव्हा फरशीवर लाल पाणी होतं.

तिनं पहिला फोन त्याला केला. तो धावतच आला.

"घाबरू नका. विमा कशासाठी घेतलाय? मशिनी, टेबलं, तुमचं कापड, सगळं येतं त्यात." मग त्याची नजर ताग्यांवर गेली. "ही मखमल तुमचीच ना?"

"नाट्यगृहाची."

त्यानं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"मॅडम… हे त्यात येत नाही. मी विचारलं होतं तुम्हाला. ग्राहकांचं कापड राहतं का म्हणून."

खरं सांगायची ती वेळ होती. पण तो समोर उभा होता, आणि 'एकदा ऐकता आणि पकडता' हे त्याचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"माहितीये," ती शांतपणे म्हणाली. "मीच विचार करून नको म्हटलं होतं. हप्ता वाढला असता."

"विचार करून?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "एवढा माल दुकानात असताना?"

"धंद्यात जोखीम घ्यावी लागते."

कोपऱ्यात फडकं पिळत बसलेल्या मावशीला हे सहन झालं नाही. "अगं, कसली जोखीम घेतेस? अहो, हिला काही कळत नव्हतं. घसारा म्हणजे काय, ते मला येऊन विचारायची. आणि मी सांगायचे घसरणं."

वरून थेंब तेवढा पडत होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. मखमलीचं नुकसान मोठं होतं, पण त्या क्षणी तिला मखमल दिसतही नव्हती. दिसत होता त्याचा चेहरा. त्यावर राग नव्हता, हसू नव्हतं.

"तुम्ही जा आता," ती खाली बघून म्हणाली. "प्लीज."

तो गेला. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापिका करड्या स्वभावाच्या म्हणून प्रसिद्ध होत्या. ठकू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बसा म्हटल्यावरही बसली नाही. पाइप फुटला इथपासून सुरुवात करून ती विम्यापर्यंत आली, आणि म्हणाली, "तुमच्या कापडाचा विमा नव्हता. मला विचारलं होतं, मला प्रश्न कळला नाही, आणि कळला नाही असं मी म्हटलं नाही."

व्यवस्थापिकांनी पेनाला टोपण लावलं. "पाइपाला दोष दिला असता तरी मी मान्य केलं असतं."

"पाइपाचा आहेच. पण भरपाई नाही मिळणार, तो दोष माझा."

"पडदा होईल का?"

"वरचा भाग चांगला आहे. खाली नवी मखमल जोडावी लागेल. कापड माझं, शिलाई घेणार नाही."

"शिलाई निम्मी घ्या," त्या म्हणाल्या. "फुकटात केलेल्या कामाला मला नावं ठेवता येत नाहीत."

पाइप इमारतीचा की डॉक्टरांचा, यावर इमारतीच्या बैठका सुरू झाल्या आणि सुरूच राहिल्या. मशिनींची भरपाई मात्र विनासायास आली. त्यासाठीचे सगळे कागद सल्लागारानं परस्पर केले होते, हे तिला बँकेचा मेसेज आल्यावर कळलं. तिला आणखीच लाज वाटली.

आणि एका दुपारी तो दुकानात आला. हातात फाइल नव्हती.

मावशीनं त्याला पाहिलं, ठकूला पाहिलं. "मी दोरे घेऊन येते," म्हणाली आणि दोऱ्यांनी भरलेल्या खणासमोरून निघून गेली.

"बसू?" त्यानं विचारलं.

ती मखमलीच्या जोडाला कच्चे टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, "बसा, सर. पण मला काही बोलता येणार नाही. लाज वाटते."

"मलाही. म्हणूनच इतके दिवस लागले यायला." तो स्टुलाच्या कडेवर टेकला. "मला कळत होतं."

"काय?"

"तुम्हाला कळत नव्हतं, हे. पहिल्यांदा नाही, पण… घसारा म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात. घसाऱ्यावर कुणी हसत नाही."

तिच्या हातातली सुई थांबली.

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

"कारण तुम्ही अशा बघायचात ना… जणू मी जगातलं सगळ्यात सुंदर काहीतरी सांगतोय. माझ्याकडे तसं कुणी बघत नाही, मॅडम. लोक माझ्याकडे दात काढायला आल्यासारखे येतात. मला ते सोडवेना. 'समजलं ना' म्हणून मी विचारायचो तेच मुळी मान हलावी म्हणून." त्यानं चष्मा वर सरकवला. "माझं काम होतं ते. साध्या शब्दांत विचारणं. त्या दिवशी मी 'नाही ना' असं विचारलं, तुम्ही 'हो' म्हणालात. ते हो की नाही, हे मी पुन्हा विचारायला हवं होतं. नुकसानातला माझा वाटा मला देऊ द्या."

"नाही."

"समजून नाही म्हणताय?"

"पूर्ण समजून," ती म्हणाली, आणि तिला नकळत हसू आलं.

तो मग अधूनमधून यायला लागला. कच्चे टाके घालायला बसायचा. हात चांगला होता, वेग अजिबात नव्हता. मावशी त्याला चहा द्यायची आणि वर, "विमेवाले, चहा सांडलात तर भरपाई कुणाकडून घ्यायची?" असं विचारायची. तो हसायचा. ठकू मात्र हिशेबाचं काही त्याला विचारायची नाही. विचारायला जायची आणि चहाचं विचारून मोकळी व्हायची.

पडदा नाट्यगृहात लागला. व्यवस्थापिकांनी जोड शोधला, तो त्यांना सापडला, आणि "दिसतोय, पण सरळ आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ठकू त्याच्या कार्यालयात गेली. बाहेर बाकावर गॅरेजवाले काका आणि आणखी दोघं बसले होते. तिनं पार्टिशनचं दार लोटून घेतलं.

"माझी फाइल न्यायला आले," ती म्हणाली. "मी दुसरा सल्लागार शोधलाय."

त्याचा चेहरा उतरला. "बरोबर आहे तुमचं. माझ्यावर विश्वास…"

"तसं नाही. एक बाई आहेत. वयस्कर. तोंडावर बोलतात. काल त्यांना मी घसारा विचारला. मशीन जुनं होत जातं तशी त्याची किंमत दरवर्षी थोडी खर्चात धरायची, त्याला घसारा म्हणतात. मग आगाऊ कर विचारला. दोनदा विचारला. त्या वैतागल्या, पण मला काही वाटलं नाही."

"मग मला का नाही विचारलंत? मी तर आता…"

"नाही विचारता येत." ती फायलीच्या नाडीकडे बघत होती. गालांवर आग पसरली होती, आणि ती दिसतेय हेही तिला माहीत होतं. "तुमच्यासमोर मला हुशार दिसायचं असतं. अजूनही. सगळं झाल्यावरही. असल्या माणसाकडून सल्ला कसा घ्यायचा… ज्याच्यासमोर…" तिनं श्वास घेतला. "ज्याच्यावर जीव जडलाय."

त्यानं फाइल उचलली. ती दिली नाही. धरूनच उभा राहिला. त्याचेही कान लाल झाले होते.

"अशीलाला फिरायला चला असं विचारायचं नाही, हे मी स्वतःला किती महिने बजावतोय," तो हळूच म्हणाला. "मग… ही फाइल तुम्ही घेतलीत की तुम्ही माझ्या अशील नाही?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे अशील नाही. फिरायला हो."

त्यानं फाइल पुढे केली. ती घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर राहिली, आणि दोघांपैकी कुणीच ती काढली नाहीत.

दार उघडलं तेव्हा बाकावरचे तिघंही एकदम आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. गॅरेजवाल्या काकांचा कागद तर उलटा होता. पार्टिशनचं प्लायवूड किती पातळ आहे, हे तिला त्या क्षणी उमगलं. पुन्हा तीच लाज, मानेपासून कपाळापर्यंत.

"काका," तो मागून म्हणाला, "तुमचं उद्या बघू?"

"बघा की," काका कागदातूनच म्हणाले. "माझा कर कुठे पळून जातोय."

ती तशीच, लाल चेहऱ्यानं, त्यांच्यासमोरून चालत गेली. जिन्याशी येऊन थांबली, मागे वळली, आणि तो कुलूप लावून येईपर्यंत सगळ्यांदेखत त्याची वाट बघत उभी राहिली.