पुसलेला आवाज

त्या दुपारी बर्फ पडत होता, की आधीच पडून राहिला होता, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. चाळीस वर्षं मी मुलांना संगीताचा इतिहास शिकवला. 'आधी पुरावा, मग मत' असं बजावत आलो. आणि माझ्याच आयुष्यातली ही एक दुपार मला दर वेळी थोडी वेगळी आठवते. कधी खिडक्यांना काचेऐवजी लावलेला कागद पांढराशुभ्र असतो, कधी पिवळट. माझ्या स्मरणावर फार विसंबू नका. त्यातलं जे हलत नाही, तेवढंच सांगतो.

१९६३ सालचा डिसेंबर होता. मी जॉन्जू शहरातल्या कॉलेजात उपासनासंगीताच्या शेवटच्या वर्षाला होतो. स्वरमेळाचे नियम, संगीताचा इतिहास, ऑर्गन, कॉयर चालवणं असे आमचे विषय. स्वरमेळ आणि इतिहास दोन्ही सनु सर शिकवत. बुटका माणूस, कोटाची कॉलर झिजलेली, खिशात कायम सूर लावायचा लोखंडी चिमटा. तो गुडघ्यावर आपटून ते सूर घेत. पियानोला हात लावू देत नसत. "बाजा नंतर," म्हणायचे, "आधी कागद ऐका." आणि ते खरंच ऐकत. चौघांसाठी लिहिलेलं गीत समोर धरलं की चारही आवाज त्यांना कागदातून ऐकू येत. चूक जिथे असेल तिथे दाढ दुखावी तसा चेहरा व्हायचा. असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही, आणि स्वतः तसा झालोही नाही.

माझ्याकडे एकच गुण होता. पडद्यामागे माणसं गात असली तर किती आहेत ते मी अचूक सांगत असे. वर्गमित्र यॉम म्हणायचा, "देवानं ह्याला कान दिले आणि दमला. बाकीचं राहूनच गेलं."

त्याच गुणापायी सरांनी मला बोलावलं.

"नुतीगोल नावाचं खेडं आहे," ते म्हणाले. "तिथल्या म्हाताऱ्या बायका चर्चमधली आपली गीतं अजून जुन्या चालीनं गातात. जाऊन स्वरलेखन करून आण. तोच तुझा पदवीचा प्रबंध."

"सर, पण प्राचार्य म्हणतात की ते नुसतं बेसूर..."

"प्राचार्यांना मी सांगितलंय की ते बेसूर नाही, आपल्याला लिहिता येत नाही. आता ते लिहून दाखवायचं काम तुझं. नीट झालं तर पुढच्या वर्षीपासून हे गाणं अभ्यासक्रमात येईल. नाही झालं, तर तुझी पदवी गेली आणि माझं तोंड बंद झालं. म्हाताऱ्या काही थांबणार नाहीत." मग चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला. "जे ऐकशील तेच लिही. सुधारू नकोस. कळलं?"

मी मान हलवली. तुम्ही कधी गेला होतात का, असं विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही. हेही नक्की आठवतं.

नुतीगोलचं चर्च जुन्या पद्धतीचं, काटकोनात बांधलेलं होतं. एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका, आणि कोपऱ्यात पाळक, म्हणजे धर्मोपदेशक. पाळक दोघांना दिसे, पण पुरुषांना बायका दिसत नसत आणि बायकांना पुरुष. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, गुक यांनी मला पुरुषांच्या बाजूला, अगदी टोकाच्या भिंतीशी, जमिनीवर बसवलं.

"तिकडे डोकवायचं नाही," ते म्हणाले.

"वडील, शहरात आता सगळे एकत्रच बसतात."

"बसा की शहरात. माझ्या बायकोनं पन्नास वर्षांत मला गाताना पाहिलेलं नाही. म्हणून संसार टिकला." हसत ते शेगडीसाठी लाकडं आणायला गेले.

मी एकटा राहिलो. दुपारचे तीन वाजले असावेत. खिडक्यांच्या कागदातून दुधासारखा उजेड आत येत होता. पाइनच्या फळ्यांचा, थंड राखेचा आणि जुन्या कापडाचा वास होता. कोपऱ्यापलीकडे बायका खोकल्या, बूड टेकताना कण्हल्या, कुणीतरी कुणाला "सरक की जरा, भोपळ्या" म्हणालं, आणि गाणं सुरू झालं.

मी ऐकतच राहिलो. चार चरणांचं साधं गीत, आम्ही वर्गात शंभरदा गायलेलं. पण ह्या बायका एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ जात नव्हत्या. ओल्या वाटेवरून म्हातारं माणूस पाऊल चाचपत जातं तशा जात होत्या, आणि तरी सगळ्या एकाच वेळी पोचत होत्या. हे बेसूर नव्हतं. सर बरोबर होते. माझे डोळे भरून आले.

चार आवाज. मी कागदावर सूर लिहायच्या चार पट्ट्या आखल्या, एकेका बाईला एकेक, आणि पहिल्या दोन वेळच्या गाण्यात जवळपास सगळं उतरवलं. तिसऱ्यांदा फक्त तपासायचं होतं.

तिसऱ्या चरणाच्या बरोब्बर मध्यावर कुणीतरी श्वास घेतला.

गाणारी बाई लांब सूर उचलण्याआधी घेते तसा, खोल. पण तो कोपऱ्यापलीकडून आला नाही. माझ्या डाव्या कानापाशी आला... भिंत आणि मी, ह्यांच्या मध्ये वीतभर जागा होती, तिथून.

मग आवाज लागला. तरुण, स्वच्छ, बाकी चौघींच्या वर. माझा हात आपोआप पाचवी पट्टी आखत होता. मान वळवायची नाही एवढंच मला कळत होतं. पेन्सिल चालली, कारण थांबली असती तर मला नुसतंच ऐकावं लागलं असतं. चौथ्या चरणाच्या शेवटी चौघी मूळ सुरावर उतरल्या. ती उतरली नाही. एक सूर वर, अधांतरी थांबली... आणि तिथेच आवाज संपला. खिडकीचा कागद एकदा फडफडला. बाहेर वारा नव्हता.

बायका त्यांच्या दारानं बाहेर आल्या तेव्हा मी आधीच अंगणात उभा होतो. चौघीच होत्या.

"पाचव्या आजी कुठायत?"

"पाचवी कोण रे?" मेंग आजी म्हणाल्या. त्या सगळ्यांत जाड्या होत्या. "पोटात काही नसलं की जास्तीचं ऐकू येतं. ह्याला रताळी द्या गं कुणीतरी. शहरात उपाशी ठेवतात वाटतं."

सगळ्या हसल्या. ब्यॉन आजी हसल्या नाहीत. सत्तरीच्या असतील, सर्वांत थोरल्या. भाताच्या खरवडीच्या गरम पाण्याचा वाडगा त्यांनी माझ्या हातात दिला, आणि खालून आपला हात तसाच धरून ठेवला.

"कुठपासून गायली?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिसऱ्या चरणाच्या... मध्यापासून."

"आधी नाही?"

"नाही."

"म्हणजे तिथूनच." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "आणि शेवट?"

"शेवटचा सूर नाही घेतला, आजी. वरच राहिली."

त्यांनी वाडगा सोडला. "लिहिलंयस ना? मग राहू दे तसंच," म्हणाल्या, आणि काठी टेकत निघून गेल्या.

मी तसंच ठेवलं नाही. परतीच्या बसमध्ये वही उघडली आणि माझी सगळी विद्या माझ्या मदतीला धावून आली. पाचवा आवाज सर्वांत खालच्या आवाजाबरोबर सारखंच पंचमाचं अंतर राखून चालत होता. स्वरमेळाच्या पहिल्याच धड्यात हे निषिद्ध म्हणून शिकवतात. मी मनाला म्हटलं, बघ, नियमातच बसत नाही. तुझ्या ऐकण्यात चूक झाली. इतका सोयीचा नियम मला आयुष्यात पुन्हा सापडला नाही. खोडरबर काढलं आणि पाचवी पट्टी पुसून टाकली. पदवी मिळेल, सरांचं तोंड बंद होणार नाही, आणि डाव्या कानाशी काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद हातात घेतला. दोन चरण ओठांतल्या ओठांत ऐकले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की मी सुखावलो. मग ते थांबले. उठून खिडकीशी गेले आणि कागद उजेडात तिरपा धरला. पेन्सिलीचे वळ दिसत होते.

"इथे पुसलंयस."

"सर, चूक झाली होती. चौघीच होत्या. मी स्वतः मोजल्या."

त्यांनी खिशात हात घातला. चिमटा गुडघ्यावर आपटला, सूर घेतला आणि तो पाचवा आवाज गायला लागले. पण वळ दिसत होते तिथून नाही. पहिल्या चरणापासून, जिथे माझा कागद कोरा होता. अडीच चरण न अडखळता गायले. मध्यावर आले, श्वास घेतला आणि पुढे मात्र चाचपडत, वळांवर बोट ठेवून वाचत, शेवटापर्यंत गेले. शेवटचा सूर तसाच वर राहिला. मला वाटलं, ह्या माणसानं उभ्या उभ्या सुरुवात रचली. मी थक्क झालो.

"सर, सुरुवात तर मी..."

"कान तू घेऊन आलास," ते म्हणाले. "पण पुसायला मी शिकवलं नव्हतं. पुन्हा लिही."

"प्रबंध तपासणाऱ्या समितीनं विचारलं तर?"

"खरं सांग."

जानेवारीत समितीसमोर प्राचार्यांनी विचारलंच. "बायका किती होत्या?"

"चौघी दिसल्या, सर. पाच ऐकल्या."

हशा पिकला. एकजण म्हणाला, "पाचवीची हजेरी कोणी घेतली?" सनु सर उठले, कागदावर सही केली आणि म्हणाले, "मी घेतली. ह्या मुलाचं एकही अक्षर खोटं असेल तर माझी नोकरी घ्या." मला काठावर पास केलं. ते गाणं अभ्यासक्रमात आलं नाही. सरांकडचा इतिहास पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिला गेला. त्यांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

मी पुढे त्याच कॉलेजात शिकवलं. बऱ्याच हुशार मुलांना जुनं गाणं लिहायला खेड्यांत पाठवलं. नुतीगोलला कोणालाही पाठवलं नाही. हे शहाणपण की भेकडपणा, ते मला ठरवता आलेलं नाही.

१९८८ साली सर गेले. त्यांच्या पुतणीनं कागदपत्रं आवरायला मला बोलावलं. तळाशी त्यांची विद्यार्थीदशेतली एक वही होती. वर बारीक अक्षरात: नुतीगोल, फेब्रुवारी १९३६, उपस्थित स्त्रिया चार. खाली तेच गीत, चार पट्ट्या, आणि त्यांच्या वर पुसून काढलेली पाचवी.

वही घरी आणली, माझा प्रबंध काढला आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. सरांच्या पुसलेल्या पट्टीवरचे वळ पहिल्या चरणापासून सुरू होतात आणि तिसऱ्या चरणाच्या मध्यावर, श्वासाच्या खुणेपाशी संपतात. पुढे कागदाला पेन्सिल लागलेलीच नाही. माझी पट्टी त्याच खुणेपासून सुरू होते. दोन्ही मिळून एकच आवाज होतो, एकच अखंड गाणं, सत्तावीस वर्षं लागलेलं. मूळ सुरावर उतरणारा शेवटचा सूर तेवढा दोन्हींपैकी कुठल्याच कागदावर नाही.