चौथा पाइप रिकामा आहे

साहेब, सही तुमची आहे.

चार पाइप होते. तुम्ही एकाचं झाकण उघडायला लावलंत, लांबूनच मान वाकडी करून पाहिलंत, खुर्ची मागवलीत आणि तपासणीच्या कागदावर चारही पाइपांपुढे 'योग्य' लिहून मोकळे झालात. आता पुढचंही ऐका. पटो न पटो. यातलं एक अक्षर रचलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. दुपारचे अडीच वाजले होते. बर्फाच्या कारखान्यात, मागच्या बोळात. मी तिथलाच कामगार.

त्याआधी काय झालं, ते सांगतो.

कारखान्याला मोठी लाईन घ्यायची होती. एवढा करंट एका वायरीला झेपत नाही. म्हणून वायरींचे चार संच, चार लोखंडी पाइपांतून, शेजारी शेजारी न्यायचे. भार चौघांनी सारखा उचलायचा. त्यासाठी चारही संच एकाच लांबीचे लागतात. एक आखूड पडला, तर तोच जास्त करंट ओढतो आणि तापतो.

काम मिस्त्रीचं होतं, पुढची देखभालही त्याचीच. वीस वर्षं मुरलेला माणूस. पाइपाच्या एका टोकाला तो दोरी ओढायचा, दुसऱ्या टोकाला त्याचा मेहुणा वायर आत सारायचा. मेहुण्याला सगळे लंबू म्हणायचे. मिस्त्रीच्या बायकोचा थोरला भाऊ. मशिनांच्या घरघरीत हाका ऐकू जात नसत, म्हणून दोघं पाइपावर पाना ठोकायचे. दोनदा ठोकलं की ओढा. एकदा ठोकलं की थांबा.

तीन संच गेले. चौथ्याला वायर चार फूट कमी पडली. नवा ड्रम यायला आठवडा लागणार होता आणि तुमची तपासणी दुसऱ्या दिवशी.

"तुकडा जोडू," मिस्त्री म्हणाला.

"पाइपाच्या आत सांधा? भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना? सांधा पेटीत हवा, डोळ्यांसमोर. तुम्हीच शिकवलंत मला."

"मग आता विसरायलाही मीच शिकवतो. पाइपात कोण बघतंय?"

"आणि साहेब डोकावला तर?"

"त्याचं पोट आधी बोळात मावू दे!"

लंबू हसला. पण सांधा मिस्त्रीलाच करावा लागला.

दोघांनी वायर ओढायला घेतली. सांधा पाइपाच्या तोंडाशी आला, तेव्हा पलीकडून आवाज आला.

ठण्.

एकदाच.

मिस्त्रीने तो ऐकला. नीट ऐकला.

आणि ओढत राहिला.

पाइपाच्या अर्थिंगचा, म्हणजे पाइपात उतरलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेचा बोल्टही त्याने हातानेच फिरवून ठेवला. पान्याने उद्या आवळू म्हणाला. तो उद्या उजाडलाच नाही. तुम्ही आलात, सही झाली, आणि मिस्त्रीला पुढच्या कामावर जायची घाई होती.

पाच आठवड्यांनी सांधा तापला. वायरीवरचं आवरण वितळलं, पाइपात करंट उतरला. जळका वास कुठून येतोय ते पाहायला लंबू बोळात गेला. त्याने चौथ्या पाइपाला हात लावला.

तुमच्या रिपोर्टात एवढंच आलं: 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

मिस्त्रीने तो रिपोर्ट वाचला. घडी घालून खिशात ठेवला. घरी बायकोने विचारलं, "दादाचीच चूक होती का हो?"

तो म्हणाला, "अं... हो. घाई केली त्याने."

नंतर चौथ्या पाइपातल्या वायरी काढून टाकल्या. दोन्ही टोकं बंद केली. कारखान्यातली काही मशिनं कमी केली, म्हणजे उरलेल्या तीन संचांवर भागेल.

वर्ष गेलं. आणि ती दुपार आली.

मिस्त्री भार मोजायला बोळात गेला. हातात टाँग टेस्टर. वायरीला चिमट्यासारखा लावला की किती करंट वाहतोय ते हा मीटर दाखवतो. मुख्य पॅनेलवर आकडा होता सहाशे अँपिअर. म्हणजे तीन संचांत दोनशे, दोनशे, दोनशे.

त्याने पहिल्या संचाला मीटर लावला.

दीडशे.

दुसरा... दीडशे.

तिसरा... दीडशे.

साडेचारशेच झाले.

मीटर बिघडला असेल म्हणून त्याने दुसरा आणला. सेल बदलले. पुन्हा पॅनेल पाहिलं. सहाशे. पुन्हा मोजलं. दीडशे, दीडशे, दीडशे.

मशिनं तर पूर्ण जोरात चालू होती. उरलेले दीडशे कुठून जात होते?

मग त्याचं लक्ष पाइपांवरच्या दवाकडे गेलं. त्या बोळात गारठा असतो. पहिल्या तिन्ही पाइपांवर बारीक थेंब होते.

चौथा कोरडा होता...

रिकामा पाइप. आत वायरीचा धागा नाही. सगळ्यांत गार तोच असायला हवा होता.

मिस्त्रीने मीटरने पाहिलं, पाइपात करंट नव्हता. मग हाताची उलटी बाजू हळूच टेकवली.

कोमट.

लोखंड तापतं तसं नाही. अंगाला हात लावल्यावर लागतं तसं.

आणि मशिनांची घरघर एकदम ऐकू येईनाशी झाली. पायाखालची जमीन थरथरतच होती, म्हणजे मशिनं चालू होती. फक्त आवाज नव्हता. त्या शांततेत, पाइपाच्या पलीकडच्या टोकाकडून...

ठण्.

एकदाच.

मिस्त्री बोळाबाहेर कसा आला, त्याला आठवत नाही. हत्यारं तिथेच राहिली.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. सांधा, बोल्ट, तो एक ठोका. ती रडली नाही. कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

"आई जाताना म्हणत होती, माझा मुलगा वेंधळा निघाला," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या उशाशी बसून मान हलवलीत."

"हो."

"उद्या मला तिथे घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोळात उभी राहिली. मिस्त्री नको नको म्हणत असताना तिने चौथ्या पाइपावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मेल्यावरही त्याच्याकडूनच काम करून घेताय तुम्ही."

त्याच आठवड्यात मिस्त्री तुमच्या कचेरीत आला. सांधा मी केला, लंबू नको म्हणत होता, असं लिहून खाली सही केली. तुम्ही कागद चष्म्याखालून पाहिलात आणि परत सरकवलात.

"फाईल बंद झालीय. आणि पाइपात आता वायरच नाही म्हणता, मग सांधा दाखवणार कुठला?"

बरोबर आहे. सांधा नाही. वायरही नाही.

मिस्त्री आता दर सोमवारी मोजतो. परवाही पॅनेलवर सहाशेच होते. तीन संचांत दीडशे, दीडशे, दीडशे. रिपोर्टात अजून निष्काळजी लंबूच आहे.

'योग्य' तुम्ही लिहिलंत ना, साहेब? मग या. दुपारी या, उजेडात या. त्या पाइपावर हात ठेवा, आणि उरलेले दीडशे कोण वाहतंय त्याचं नाव आम्हाला लेखी द्या.