मुखवटावाल्याची रेकॉर्ड

मी भूत मानत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मला कोणी देवभोळी म्हातारी समजणार नाही.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या निपाणीच्या घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाकी काही नाही. अंगारे, धुपारे, उतारे आईने कधीच दाराबाहेर काढले होते.

तरीही हे घडलं. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं, आणि रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी घडलं. ज्याला खोटं वाटतं त्याने माझ्या घरी यावं. चहा मिळेल.

साल १९८३. शिमगा जवळ आला होता. निपाणीचा एसटी स्टँड, आणि समोर रवळूअण्णांचं हॉटेल.

माझा भाऊ धर्मराज, आमचा धर्मा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. वडील लवकर गेले. आई सोनुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला. मी कॉलेजात, आणि धर्मा मायाप्पा मास्तरांच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. लाल कोट घातला की स्वतःला कलेक्टर समजायचा.

बँडची एक रीत असते, ती माहीत हवी. सुरुवात मास्तर करून देतो, पण थांबवतो ड्रमवाला. त्याने शेवटचे ठोके दिले की सगळी वाद्यं एकदम बंद. म्हणून चालीचा शेवट ड्रमवाल्याला पक्का ठाऊक लागतो.

दुसरी रीत अशी, की सिनेमा गावात यायच्या आधी त्याच्या चाली रेकॉर्डवरून कानाने उचलायच्या. जो बँड आधी वाजवेल, लग्नं त्याची.

त्या वर्षी पाडव्याला उडणाऱ्या हिरोचा सिनेमा लागणार होता. तोंडावर मुखवटा, पाठीवर फडफडणारं कापड. पोरांनी फक्त पोस्टर बघितलं होतं, तेवढ्यावर ती वेडी झाली होती. सगळे त्याला मुखवटावाला म्हणायचे.

सिनेमाच्या आधी त्याची रेकॉर्ड आली. अख्ख्या निपाणीत एकच, रवळूअण्णांच्या हॉटेलात.

आणि तिच्यात एकही गाणं नव्हतं.

धर्मा चाल उचलायला तिथे बसलेला. मी त्याचा डबा द्यायला गेले तेव्हा हॉटेल खच्चून भरलं होतं. मुलीने आत जायची पद्धत नव्हती. मी पायरीवर उभी राहिले. रवळूअण्णांनी पिन ठेवली. आधी खरखर, मग कितीतरी व्हायोलिनं एकदम उठली.

"गाणं कवा लागायचं?" कोणीतरी विचारलं.

"गाणं न्हाय ह्यात. नुसतं म्युझिक हाय."

"मग ते काय बारशाला लावायचं का?"

"गप ऱ्हावा की रं." हा शामू. थिएटरची पोस्टरं चिकटवायचा, त्यामुळे सिनेमावर त्याचा हक्क असल्यासारखा वागायचा. डोळे मिटून म्हणाला, "आता त्यो गच्चीवर उभा हाय. वारं सुटलंय..."

ट्रंपेट वाजला.

"उडाला बघ."

सगळ्या हॉटेलने शिट्ट्या घातल्या.

"उडाला कुठला? पडला. आवाज खाली आला की."

"त्यो पडत नसतोय. मुखवटावाला हाय त्यो."

यावरून दोघांची जुंपली. दुसऱ्या दिवशी गर्दी आणखी वाढली. कोगनोळीहून पोरं सायकली हाणत आली. व्हायोलिन हळू झालं की शामू सांगायचा, "हितं त्येची आई मरत्या," आणि एक म्हातारा खरोखर डोळे पुसायचा. न बघितलेल्या सिनेमातल्या आईसाठी. मला हसू आवरेना.

पण रेकॉर्डच्या शेवटाकडे एक जागा होती...

तिथे एकेक वाद्य गप्प व्हायचं. शेवटी एकटा ड्रम उरायचा. माणूस चालतो तेवढ्याच लयीत.

त्या जागेला कोणी शिट्टी घालत नव्हतं.

"शामू, हितं काय हुतंय रं?"

शामूने मिटलेले डोळे उघडले. मग म्हणाला, "ठावं न्हाय. कोणतरी यायलंय."

आणि बरोबर तिथेच पिन अडकायची. रेकॉर्डला चरा गेला होता. धड-धम, धड-धम, तेच दोन ठोके पुन्हा पुन्हा. शेवटी रवळूअण्णा पिन उचलायचे. पुढचं कोणी ऐकलंच नव्हतं. बेळगावात दुसरी रेकॉर्ड मिळते का ते मास्तरांनी बघितलं, मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी पिन उचलली, सगळे उठले, धर्मा बसूनच राहिला. त्याची बोटं टेबलावर वाजत होती.

"धर्मा, चल की. रेकॉर्ड बंद झाली."

"व्हय?" तो म्हणाला. "मला म्होरचं ऐकू यायलंय की, आक्का."

मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टेखोर होताच तो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सिनेमाच्या रिळांची पेटी एसटीने आली. पोरांनी पेटीला हार घातला, नारळ फोडला, आणि थिएटरपर्यंत मिरवणूक काढली. पुढे मास्तरांचा बँड. मास्तरांनी शेवट स्वतःच्या मनाने लावला होता. तीन ठोके, आणि बंद.

थिएटरच्या दारात मास्तरांनी हात वर केला. धर्माने तीन ठोके दिले. सगळी वाद्यं थांबली.

ड्रम थांबला नाही...

लोकांना वाटलं, ही नवी स्टाइल. त्यांनी शिट्ट्या घातल्या, टोप्या उडवल्या. धर्मा वाजवतच होता. गर्दी कंटाळून पांगली तरी वाजवत होता. त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

"धर्मा, बास रं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, त्यो थांबला न्हाय अजून."

"कोण?"

"म्होरं वाजवतोय त्यो."

समोर थिएटरचं बंद दार होतं.

मास्तरांनी काठ्या काढून घेतल्या. धर्माची बोटं मांडीवर वाजायला लागली. तो रडत होता, आणि बोटं वाजत होती.

आम्ही त्याला घरी आणलं. ड्रम खुंटीला अडकवला. पाडव्याची दुपार, आई शेजारी पाणी आणायला गेलेली, धर्मा भिंतीला टेकून बसलेला, मी समोर पुस्तक घेऊन. त्याची बोटं जमिनीवर आपटत होती. धड-धम. खुंटीवरचा ड्रमही हलका हलका वाजत होता. मी मनाला समजावलं, जमिनीचा हादरा भिंतीत जात असेल. विज्ञानच ते.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली...

ड्रम आधी वाजत होता.

बोटं त्याच्या मागून हलत होती.

मी पुन्हा नीट बघितलं. आधी ड्रम, मग बोटं. धर्मा वाजवत नव्हताच. कुणाच्या तरी पाठीमागून धापा टाकत चालावं, तसा तो गाठायला बघत होता.

मी आईला काही सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी ड्रम मास्तरांकडे पोचवून आले. परत आले, तर आई खुंटीकडे बघत उभी.

खुंटी रिकामी होती... आणि आवाज तिथूनच येत होता.

"मला भास हुतोय का गं?" आईने विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. धर्मा झोपला, बोटं जागीच राहिली. आई रात्र रात्र त्याचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून बसायची, आणि तिच्या मुठी त्या लयीत हलत राहायच्या. घास भरवावा लागायचा. पोरगं दिवसेंदिवस खंगत चाललं. शेवटी जी आयुष्यात देवळाची पायरी चढली नव्हती, ती माझी आई डोक्यावर पदर घेऊन देवऋष्याकडे गेली. त्या दिवशी मला तिच्याकडे बघवेना.

देवऋष्याने धर्माच्या बोटांकडे बघितलं, कान दिला, आणि नारळ परत केला.

"माझ्यानं व्हायचं न्हाय, बाई."

मग मला सुचलं. सिनेमात पूर्ण म्युझिक असणार. शेवट असणार. तो खरा शेवट एकदा ऐकला, की धर्माचे हात सुटतील. मला एवढी खात्री वाटली की त्या रात्री मी नीट जेवले.

दुपारच्या खेळाला गेलो. आई एका बाजूला, मी दुसऱ्या. मुखवटावाला उडाला, पडला नाही. पोरं खुर्च्यांवर चढली. मी पडद्याकडे बघतच नव्हते, फक्त धर्माच्या बोटांकडे. शेवटी सगळी वाद्यं चढत गेली, एक मोठा दणका झाला, आणि म्युझिक संपलं. दिवे लागले.

एकटा ड्रम अख्ख्या सिनेमात कुठेच वाजला नव्हता.

"ह्यो शेवट न्हवं, आक्का," धर्मा म्हणाला.

त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती.

त्यानंतर आम्ही काही केलं नाही. करण्यासारखं उरलंच नव्हतं. आई वखारीत जायची, मी त्याला भरवायचे. लग्नसराई आली आणि गेली. मास्तरांनी दुसरा ड्रमवाला घेतला.

पावसाळा संपला तेव्हाची गोष्ट. सुट्टीचा दिवस, दुपार. आम्ही तिघं घरात. अचानक खुंटीवरचा आवाज जलद झाला. धर्मा ताठ बसला.

"आला... शेवट आला."

बोटं जलद, अजून जलद. मग एकच ठोका.

आणि शांतता.

किती महिन्यांनी आमच्या घरात शांतता झाली होती. दूर कुठेतरी कोंबडं ओरडलं, ते ऐकू आलं. धर्माने आपले हात उलटेपालटे करून बघितले. बोटं हलत नव्हती.

"आई," तो म्हणाला, "भूक लागल्या."

आईने भाकरी दिली. त्याने स्वतःच्या हाताने मोडली. आई तोंडात पदर कोंबून रडत होती, मी हसत होते. एवढं सुख मी पुन्हा कधी भोगलं नाही.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला...

टाळ्यांचा.

दोन-चार माणसांच्या टाळ्या. मग एक शिट्टी. थिएटरात घालतात तशी, दोन बोटं तोंडात घालून.

मी दार उघडलं. अंगणात वाळत घातलेलं लुगडं आणि ऊन. बाकी कोणी नव्हतं. टाळ्या चालूच होत्या, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. शेजारच्या गंगव्वा कुंपणापलीकडून डोकावल्या.

"काय कार्यक्रम हाय गं तुमच्यात? टाळ्या कसल्या?"

 तेव्हाच त्या रिकाम्या उन्हातून कोणीतरी खुशीत ओरडलं...

"वन्समोअर."

मी मागे वळले. धर्माच्या हातातला तुकडा खाली पडला होता. तो माझ्याकडे बघत होता. खाटकाच्या दारात बांधलेलं बकरू बघतं, तसा. त्याची बोटं हळूहळू उठली, आणि पहिल्यापासून सुरू झाली.

तेव्हापासून हे चालू आहे.

मला बेळगावात नोकरी लागली. टिळकवाडीत घर घेतलं, दोघांना घेऊन आले. लग्न केलं नाही. शेवट कधी सहा महिन्यांनी येतो, कधी दोन वर्षांनी. शेवट आणि टाळ्या यांच्या मध्ये थोडा वेळ मिळतो, एक वाटी भात खाऊन होईल इतका. त्या वेळात धर्मा आमचा असतो. मनाने अजून अठरा वर्षांचाच. मास्तरांची चौकशी करतो, माझी चेष्टा करतो. मी त्या वेळासाठी जगते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग टाळ्या होतात. मी हात जोडलेत, शिव्या दिल्यात, कानात कापूस घातलाय, घर बदललंय. काही उपयोग झाला नाही. आधी चार-दोन टाळ्या असायच्या. आता मोठी गर्दी असते, आणि ती अंगणात थांबत नाही, आत येते.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. मरताना तिने त्याची बोटं मुठीत धरली होती. "ह्येला सोडीव गं, तानी," एवढंच म्हणाली.

मागच्या महिन्यात शेवट आला. मी घाईने भात वाढला. धर्मा खाता खाता म्हणाला, "आक्का, तुझं केस कवा पांढरं झालं?"

मी उत्तर देणार, तोच टाळ्या सुरू झाल्या. खोली भरून गेली. मी त्याचे कान दाबून धरले.

मग अगदी पुढून, माझ्या गुडघ्याशी कोणी बसल्यासारखा, एक बाईचा आवाज आला. तंबाखूच्या धुळीने बसलेला, खरबरीत. तो आवाज मी कशी विसरेन...

"वन्समोअर."

धर्माने घास खाली ठेवला.

"आई आल्या बघ ऐकायला," तो म्हणाला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हसत हसत त्याने बोटं उचलली.

उरलेला भात मी त्याला भरवला.