तीन नंबरचा हिरवा खांब

सुट्टीत तिघं पोहायला शिकणार होते. पण चौथ्याच दिवशी ताईचा सात वर्षांचा धाकटा भाऊ, बारक्या, जुलाब-उलट्यांनी आडवा झाला आणि सगळे बेत गुंडाळले गेले. पोराला सलाईन लावलेलं, आईबाबा त्याच्या उशाशी. मग ताई, तिचा मामेभाऊ भोपळ्या आणि शेजारची टिकली यांची रवानगी झाली मावशीच्या ऑफिसात. नजरेसमोर तरी राहतील म्हणून!

मावशी पाणीपुरवठ्यात होती. गावाला पाणी देणाऱ्या सहा टाक्या. पाण्यात किती जंतू सापडले त्याचे आकडे दर आठवड्याला प्रयोगशाळेतून यायचे आणि मावशी संगणकावर त्यांचा आलेख करायची. सहा टाक्या, सहा खांब. हिरवा म्हणजे पाणी चांगलं, लाल म्हणजे टाकी बंद. साहेबांना भडक रंग खपत नसत, म्हणून खांब खाली गडद आणि वर जाताना फिकट होत जाणारे. दिसायला फार देखणे, यात वादच नाही.

ताईचं कशातच लक्ष नव्हतं. भोपळ्याने तिला कोपराने ढोसलं आणि हा तिसरा खांब संपतो कुठे, असं विचारलं. तो संपताना दिसतच नव्हता. हिरवा रंग विरत विरत पांढऱ्या पानात मिसळला होता आणि पार वर, मुंगीएवढा आकडा होता, सत्तेचाळीस. बाकीचे सगळे पाचाच्या आत. दहाच्या वर आकडा गेला की टाकी बंद, असा नियम भिंतीवरच लावलेला.

"तीन नंबरची म्हणजे आपल्या गल्लीची," टिकली हळूच म्हणाली.

मावशी जुन्याच आलेखात नवे आकडे भरायची. रंग आपोआप बदलत असतील, अशी तिची समजूत. शाळेच्या प्रकल्पात भोपळ्याने हीच चूक करून बोलणी खाल्ली होती. रंग हाताने दिला की तो खांबाला चिकटतो, मग आकडा काही का होईना, असं त्याने सांगितलं. मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. ती धावत साहेबांकडे गेली. साहेबांनी आलेखाचा कागद हातभर लांब धरला, हिरवंच तर आहे म्हणाले आणि पोरांच्या नादी लागू नका, अकराला बैठक आहे, असं सुनावून तिला परत पाठवलं.

तोवर पोरं तीन नंबरच्या टाकीपाशी पोचलीसुद्धा होती. बढाया मारणारा भोपळ्या दहाव्या पायरीवरच लटपटला, म्हणून ताई एकटी वर चढली. झाकण फुटलेलं होतं. आत पाण्यावर पिसं तरंगत होती आणि दोन कबुतरं, मेलेली, फुगलेली. बारक्याला हेच पाणी तिने स्वतःच्या हाताने भरून दिलं होतं.

परत येऊन ताईने सगळं सांगितल्यावर मावशीने संगणक मुलांपुढे सरकवला. भोपळ्याने फिकट छटा काढून टाकली आणि दहाच्या वरचा खांब लाल, असा नियमच लावून दिला.

अकरा वाजता बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर तिसरा खांब उमटला, लालभडक, बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून थेट वर गेलेला.

"रंग कुणी बदलला?" साहेब कडाडले.

"रंग आम्ही बदलला," दारातून ताई म्हणाली. "आकडा तुमचाच आहे."

बैठकीला आलेल्या प्रयोगशाळेतल्या बाई ताडकन उठल्या. ताईने टाकीत पाहिलेलं सांगितलं आणि पुढच्या दहा मिनिटांत तीन नंबरची टाकी बंद झाली. गल्लीत टँकर निघाले, आजारी मुलांची यादी करायला माणसं गेली. यादीत बारक्यासारखी एकोणीस मुलं निघाली. त्यातल्या कोपऱ्यावरच्या घरातल्या तान्ह्या मुलीपर्यंत मदत पोचायला उशीर झाला होता.

संध्याकाळी डॉक्टरांनी बारक्याचा धोका टळल्याचं सांगितलं. साहेब दवाखान्यात आले, खाली मान घालून तिघांची पाठ थोपटली आणि पोरांनो, तुम्ही गाव वाचवलंत, असं म्हणाले. बाबांचे डोळे भरून आले.

ताईने मावशीकडे पाहिलं. "मावशी, तो सत्तेचाळीसचा आकडा कधी आला होता?"

मावशीला खोटं बोलवेना. "मागच्या सोमवारी," ती म्हणाली.

बारक्या आजारी पडला होता त्यानंतर तीन दिवसांनी, गुरुवारी.