अकरावी वही, ओळ दोनशे चौदा

ती गेल्याची बातमी जगाला कळली तो मंगळवार होता. घरातल्यांना आदल्या शुक्रवारीच कळलं होतं. पण तिच्या प्रोजेक्टची माणसं देशोदेशी पसरलेली, त्यांना कोण सांगणार? शेवटी तिच्या नवऱ्याने, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, तिचा लॅपटॉप उघडला आणि दोन बोटांनी टाइप केलं, ‘हा प्रोजेक्ट सुरू करणारी माझी बायको शुक्रवारी सकाळी गेली. हृदय बंद पडलं. फार त्रास झाला नाही.’

संध्याकाळपर्यंत एकशे साठ जणांची उत्तरं आली. एकाने लिहिलं होतं, ‘माझ्या आईचं मशीन त्यांच्यामुळे चालतं.’ कारागिराची बहीण मागे उभी राहून वाचत होती. दुकानाचं काउंटर तीच सांभाळायची आणि सगळी गल्ली तिला ताई म्हणायची.

“बघ रे, केवढी माणसं जोडली पोरीने!” ती म्हणाली.

कारागिराला रडू येत होतं आणि मान ताठ होत होती, दोन्ही एकदमच.

तशी बायको दुकानात पहिल्यांदा आली ती एका स्क्रूसाठी. तेरा वर्षांपूर्वी.

“स्क्रू मिळेल का?” तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. “बिजागरीचा पडलाय. शेजारचे म्हणतात, कंपनीकडे पाठवा, महिना लागेल.”

“हे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे.”

“दिसतंय हो. चष्मा लावते मी.”

कारागिराने मान वर केली. चष्मा होता खरा... आणि त्यामागचे डोळे हसत होते. त्याने भिंग लावून दुसऱ्या स्क्रूचे आटे मोजले, एक जुनी वही चाळली, डब्यातून तांदळाएवढा स्क्रू काढला आणि फिरवला. बसला.

“हा कशाचा होता?”

“बॉबिनच्या डबीचा. कशाला काय चालतं, ते वहीत लिहून ठेवतो.”

मग ती येतच राहिली. कधी सुई हवी म्हणून, कधी मावशीचं मशीन दोरा तोडतंय म्हणून. मावशीचं मशीन महिन्यातून दोनदा बिघडायचं.

स्टुलावर बसून ती आपलं रडगाणं सांगायची. ऑफिसात ती दुसऱ्यांचे प्रोग्राम लिहायची. आता तिला स्वतःचा एक लिहायचा होता, ओपन सोर्स. म्हणजे कोड उघडा ठेवायचा, कुणीही वाचावा, वापरावा, चुकला असेल तर सुधारावा.

“मग अडलंय कुठे?” त्याने विचारलं.

“काय करू तेच सुचत नाही... यादी केलीये. पहिलं, रोजच्या कामांची नोंद ठेवणारा.”

“तुम्ही ठेवता नोंद?”

“नाही.”

“पुढचं.”

“हवामान सांगणारा.”

“खिडकी आहे की!”

काउंटरवर ताई फिसकन हसली. चष्मेवालीने फोन पालथा ठेवला.

“हसू नका. सगळं आधीच कुणीतरी करून ठेवलंय.”

“मी कधी काम मिळावं म्हणून मशीन बिघडवलं नाही,” कारागीर म्हणाला. “आधी कुणाचं तरी अडतं, मग आपण हात घालतो. तुमचं उलटं चाललंय.”

“बरं. मग तुमचं काय अडतं ते सांगा.”

“माझं? माझं काही अडत नाही.”

ही शुद्ध थाप होती, आणि ती त्याच आठवड्यात उघडी पडली. एक शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, आणि कापड पुढे सरकवणारे दाते तुटलेले. कारागीर सकाळपासून वह्या चाळत बसला. जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाली आली तेव्हा तो सातव्या वहीत होता. उत्तर नवव्या वहीत सापडलं.

ती उठून उभीच राहिली.

“अकरा वह्या! अर्धा दिवस! आणि म्हणे काही अडत नाही! अहो, हाच माझा प्रोजेक्ट. कुठल्या मशीनचा भाग कुठल्या मशीनला चालतो...”

“आणि तो सगळ्यांना उघडा?”

“सगळ्यांना.”

त्याने वही मिटली. “जमणार नाही. वीस वर्षांचं डोकं आहे यात. हेच गेलं तर माझ्याकडे कोण येईल?”

“मी येत होते,” ती म्हणाली. लॅपटॉप उचलून गेली.

तीन आठवडे तिचा पत्ता नव्हता. मावशीचं मशीनही बरं झालं असावं. कारागीर टाका घालून बघे आणि दाराकडे बघे.

“दाराला काही झालेलं नाही,” ताई म्हणाली. “सारखं तपासू नकोस.” मग जवळ येऊन हळूच बोलली, “तुला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी आपले डबे तुझ्यापासून लपवले असते, तर आज तू काय करत असतास रे?”

दुसऱ्या दिवशी कारागीर अकरा वह्या पिशवीत घालून तिच्या ऑफिसच्या दारात उभा. ती खाली आली.

“एक अट आहे,” तो म्हणाला. “टाइप मीच करणार. माझं अक्षर दुसऱ्याला लागत नाही.”

“माझीही एक. जे लिहिलंय ते जसंच्या तसं. एकही ओळ गाळायची नाही. कुठली कामाची, ते वापरणारे ठरवतील.”

“शब्द दिला.”

चार महिने तो दोन बोटांनी टाइप करत होता. अकराव्या वहीत एके ठिकाणी त्याचा हात बराच वेळ थांबला. पण शब्द म्हणजे शब्द.

प्रोजेक्ट उघडला त्याच्या नवव्या दिवशी ती दुकानात आली. भाषांतर करून वाचणाऱ्या दूरदेशीच्या एका मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला होता. तिने मोठ्याने वाचला, “अकरावी वही, ओळ दोनशे चौदा. हा भाग कुठल्या मशीनचा, कळत नाही. कृपया खुलासा करावा.” आणि मग ती ओळ वाचायला लागली... आवाज हळूहळू खाली गेला.

‘चष्मेवाली आली. मशीनला काही झालेलं नाही. तरी उघडून बसलो, म्हणजे थोडी थांबेल.’

कारागिराचे कान लाल झाले. “तुम्हीच म्हणालात... एकही ओळ...”

“म्हणजे मावशीचं मशीन ठणठणीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “दोरा मीच उलटा ओवून आणायचे.”

दोघंही काउंटरकडे बघत राहिले. ताई बिलबुकात डोकं घालून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

“पुसून टाका ती ओळ,” तो पुटपुटला.

“छे. विचारलंय तर उत्तर द्यायला हवं.” तिने टाइप केलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. ‘नोंद बरोबर आहे, काढू नये. हा भाग एकाच ठिकाणी बसतो. बसला आहे.’

“हुश्श,” ताई म्हणाली. “सुटलं एकदाचं मशीन!”

लग्नानंतर बारा वर्षं गेली. प्रोजेक्टमध्ये आता साठ हजारांवर नोंदी आहेत. इस्पितळांचे शिवणकक्ष तो वापरतात, शाळा वापरतात, एकट्याने दुकान चालवणाऱ्या बायका वापरतात. आणि कारागिराचं गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट लांबून माणसं येऊ लागली. प्रत्येकाला तो सांगायचा, “हे माझ्या बायकोने लिहिलंय.”

“वह्या तुझ्या होत्या,” ती आतून ओरडायची.

“कल्पना तुझी!”

“अडला होतास तू, म्हणून सुचली!”

हे भांडण कधी मिटलं नाही, आणि मिटावं असं दोघांनाही वाटलं नाही. तिने केलेलं काम आज तिच्याविना रोज चालतं, आणि हे तो कुणालाही छाती पुढे काढून सांगतो.

एक काम राहिलं आहे. तुटलेल्या भागाचा फोटो दाखवला की नाव सांगणारा प्रोग्राम ती लिहीत होती. सुयांपर्यंत झालं. चाकं, दाते आणि पट्टे अजून व्हायचे आहेत.