पेन्सिलीतला फुगा

पैज माझ्याच तोंडून निसटली. "वरच्या मजल्यावरचा पेंटर जन्मात कुणाला 'तू मला आवडतेस' म्हणायचा नाही! म्हणाला तर मी तोंडावर मिशा रंगवून शाळेच्या फाटकात उभी राहीन."

"लागली!" समोरचा शिंपी कात्री टाकून धावत आला. "झुपकेदार हव्यात हं, वहिनी."

मला खात्री होती. पाट्यांवर वीतभर अक्षरं काढणारा हा बाबा बोलायची वेळ आली की चप्पल शोधायला लागतो. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना तो माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात धडकला होता. ह्याचा ओला ब्रश थेट त्यांच्या ओढणीवर!

बाई ओढणी विसरून ब्रशकडेच बघत राहिल्या. "चित्रं काढता? मला एक कॉमिक हवंय... हृदयाचं."

ह्याचे कान लालभडक.

"म्हणजे... रक्त कसं फिरतं त्याचं," बाई हसल्या.

दोन महिने ते दोघं माझ्या काउंटरवर. नायिका एक रक्तपेशी, पाठीवर ऑक्सिजनची पिशवी. बोलायचे फुगे कोरे, ते मुलांनी भरायचे.

"पेशीचं नाक माझ्यासारखं झालंय."

"...पुसू?"

"राहू दे की."

पण हेडबाईंनी बजावलं होतं, "तपासणीत मुलं अडखळली, तर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा." बाई हे सांगताना हसल्या, पण हातातल्या कागदाची पार सुरळी झाली होती.

एका सकाळी पेंटर शेवटचं पान ठेवून गेला. पेशी हृदयाच्या दारात, आणि फुग्यात फिकट पेन्सिलीनं— 'तू मला आवडतेस. रोज येऊ?' गडी पुसायचं विसरला होता! खोडरबर माझ्या हाताशीच होतं. पुसलं असतं तर पैज खिशात.

मी मशीन गडदवर टाकलं आणि बेचाळीस प्रती काढल्या.

प्रती शाळेत पोचल्या, आणि शिंपी म्हणाला, "आजच तपासणी आहे म्हणे."

दुकान उघडंच टाकलं. तशीच पळाले. वर्गाच्या खिडकीतून बघते तर तपासनीस मोठ्यानं वाचतायत, "'तू मला आवडतेस. रोज येऊ?'... हे काय शिकवता, बाई?"

बाईंनी अक्षर ओळखलं होतं. चेहरा पांढराफटक.

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, ते चुकलंय. रोज नाही. पेशी साधारण मिनिटाभरात फिरून हृदयात परत येते."

"मधे फुप्फुसात जाऊन ऑक्सिजन घेते!" दुसरी ओरडली. मग सगळा वर्गच बोलत सुटला.

तपासनीस चष्मा काढून हसायला लागले आणि शेजारी उभ्या हेडबाईंकडे वळले. "हेडबाई, हे कॉमिक बाकीच्या वर्गांनाही द्या." मी खिडकीखाली मटकन बसले. वाचले... म्हणजे बाई वाचल्या!

"पण तो तोंडानं कुठे बोलला?" मी शिंप्याशी भांडून पाहिलं.

"फुग्यात लिहिलं म्हणजे बोललाच!"

शाळा सुटताना पेंटरनंच माझ्या तोंडावर मिशा रंगवल्या. त्याचं सगळं लक्ष बाईंच्या वाटेकडे, म्हणून एक मिशी वर, एक खाली. पोरं खिदळत गोळा झाली. बाई पुठ्ठ्याचा फुगा घेऊन आल्या आणि माझ्या तोंडाशी धरला— 'मी हरले!'

मग त्यांनी तो उलटवला, स्वतःच्या तोंडाशी धरला आणि पेंटरकडे पाहिलं.

'रोज नको. दर मिनिटाला ये.'

"येतो," पेंटर म्हणाला. चक्क मोठ्यानं!

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी, आणि वरची मिशीही ओघळून खाली.