दीक्षा हजर आहे

शेजारच्या गोदावरीबाईंनी सकाळी सातला शामरावांचं दार वाजवलं नाही, बडवलं.

"भाऊ, माह्या पोरीचा, दीक्षाचा फोन चार दिवसांपासून बंद आहे! ऑफिसवाले म्हणतात, नवा रायपुरात गेस्ट हाउसवर काम करून राहिली, तिथं फोन चालत नाही."

शामराव मेश्राम रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आपण एका बिनतिकीट म्हशीलाही दंड ठोकला, असं ते सांगत. म्हशीचं सोडा, पण खोटा प्रवासी त्यांना वासानं कळे, हे अख्खा शेजार शपथेवर सांगेल. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ते ऑफिस होतं. अकरा मुली दिवसभर व्हिडिओ पाहत आणि प्रत्येकात मारहाण आहे की नाही, हे बटण दाबून सांगत. त्यावर कुठल्याशा परदेशी कंपनीचं यंत्र शहाणं होत होतं.

मालक शेखर हसतमुख. त्यानं स्क्रीनच फिरवली.

"बघा ना अंकल. दीक्षा हजर आहे. रोजच्या नऊशे क्लिपा. आत्तासुद्धा करून राहिली."

"एप्रिल महिना पूर्ण दाखव."

शेखरनं कौतुकानं दाखवला. रविवार सोडून एकही खाडा नाही. शामरावांची नजर चौदा तारखेवर थबकली. तपासनीस डब्यात शिरल्या शिरल्या ओरडत नसतो.

"हे सगळं माणसंच पाहतात?"

"शंभर टक्के! कंपनीची अटच आहे तशी."

जिन्यात पिंकी भेटली, दीक्षाच्या शेजारच्या खुर्चीवरची. डोळे सुजलेले.

"काय झालं पोरी?"

"काका, पहले ना, दहा क्लिपांत एखादी खराब असायची. बाकी कुत्रे, मांजरी, लग्नातले नाच. जरा साँस मिळायची. दोन महिने झाले, मांजरी येतच नाही. सुबह से शाम नुसते खून. दीक्षादीदीला तर सगळ्यात जास्त."

"ती शेवटची कधी दिसली?"

"गुरुवारी. मी जेवून आली, तर खुर्ची खाली. सर म्हणाले, नवा रायपुर भेजा. त्याच दिवशी माझं आधार कार्ड पण घेतलं सरांनी. अजून वापस देऊन नाही राहिले."

शामराव पायरीवर बसले. मग उठले, खाली थांबलेल्या गोदावरीबाईंना बोलावलं आणि पिंकीलाही घेऊन पुन्हा वर गेले.

"शेखर, चौदा एप्रिलला दीक्षानं किती क्लिपा केल्या?"

"नऊशे तीन. दिसतंय ना."

"त्या दिवशी ती सकाळपासून बाबासाहेबांच्या मिरवणुकीत होती, निळा फेटा बांधून. मले सरबत तिनंच दिलं. जयंतीले आमच्या घरचं कोणी कामावर जात नाही. तू तिले सुट्टी दिली; यंत्राले द्यायची विसरला."

"कोणतं यंत्र?" शेखरचं हसू उतरलं.

"या पोट्ट्यांनीच शिकवलेलं. सोप्या क्लिपा ते यांच्या नावावर उरकून राहिलं, अन् तू कंपनीले सांगून राहिला, माणसानं पाहिल्या. यंत्राले जे झेपत नाही, तो गाळ तेवढा पोरींच्या डोळ्यांत. म्हणून मांजरी गेल्या. गुरुवारी दीक्षा खुर्चीतच कोसळली, खरं ना? पण कागदावर ती हजर. मग दवाखान्यात दीक्षा कशी दिसंल? म्हणून दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास. दवाखान्यात आधार मागतात; पिंकीच्या कार्डावर भरती केली तिले. कोणता दवाखाना?"

शेखर खुर्चीचा हात धरून उभा राहिला. "मी... रोज फळं पाठवून राहिलो, अंकल."

"दवाखाना!"

त्यानं नाव सांगितलं. शामरावांनी पोलीस ठाण्याला फोन लावला. पिंकीनं अकराही स्क्रीन एकेक करून बंद केल्या.

नवा रायपुरातल्या त्या दवाखान्यात खाटेच्या पाटीवर पिंकीचं नाव होतं. दीक्षाचे डोळे उघडे होते. ती छताकडे पाहत होती. उजव्या हाताचं बोट मात्र चादरीवर, बटण दाबावं तशा, टिचक्या मारत होतं. एक, थांबून दुसरी, थांबून तिसरी.

"झोपेतसुद्धा थांबत नाही," नर्स म्हणाली.

गोदावरीबाईंनी त्या बोटाखाली आपला तळहात सरकवला.

"दाब बाई," त्या म्हणाल्या. "किती दाबायचं ते मायच्या हातावर दाब."